पिल्लं खरी होती, धोंडिबा

धोंडिबा, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

इंद्रायणीच्या काठी आम्ही दहा-बाराजण उभे होतो. पिंड ठेवून तुझा मुलगा म्हादू मागं सरतो न सरतो तोच एक कावळा उतरला, भात उचलला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. "कशात जीव अडकला नव्हता म्हाताऱ्याचा," कोणीतरी म्हणालं. लोकांनी पंचे पिळले आणि गावाची वाट धरली. मी मात्र तिथंच राहिलो. त्या सकाळी खंडाळ्याहून निघालो तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की कावळा शिवणार नाही. मग लोक काहीबाही कबूल करतील. पोराला सांभाळू म्हणतील, शेताचा बांध मोडू देणार नाही म्हणतील. तरीही कावळा येणार नाही. मग मला पुढं व्हावंच लागेल, आणि बारा वर्षं गिळून बसलेली गोष्ट सगळ्यांसमोर ओकावी लागेल. तू मला तेवढीसुद्धा सक्ती केली नाहीस.

त्याला आता तीन आठवडे झाले. त्यानंतर काय काय घडलं ते तुला सांगायचं आहे. पण आधी मागचं. ते तुला ठाऊक आहे, तरी मला ते एकदा माझ्या तोंडानं सांगू दे.

मुंबईच्या शेठच्या खंडाळ्यातल्या बंगल्याचा तू माळी आणि राखणदार. मी शिकवायचो ती शाळा बंगल्याच्या कुंपणाला लागून. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तुझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायचो, आणि तू भाकरीवरचा ठेचा न विचारता माझ्या डब्यात घालायचास. माझ्या धाकट्या मुलीला डांग्या खोकला झाला त्या पावसाळ्यात वैद्यांनी शेळीचं दूध सांगितलं होतं. तू दीड महिना रोज सकाळी ते घेऊन आलास. घाटातल्या त्या पावसात, घोंगडीची खोळ डोक्यावर, तांब्या पोटाशी धरलेला. "भिजलास की रे," माझी बायको म्हणायची. "दूध न्हाई भिजलं, वैनी," तू म्हणायचास. ती मुलगी आज तिच्या घरी सुखी आहे. तू गेल्याचं तिला कळवलं, तर तिनं उलट टपाली विचारलं, "दुधाचे धोंडिबाकाका?"

शेठला पाखरांचा नाद. बंगल्यामागं माणूस ताठ उभा राहील एवढा तारेचा पिंजरा होता. त्यात उत्तरेकडून आणवलेली मोठ्या राघूंची जोडी होती. खांद्यावर लाल पट्टा, चोच अशी की सुपारी फोडील. नराला तू राजा म्हणायचास, मादीला राणी. जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून शेठनं त्यांच्यातच आपल्याकडचे साधे पोपट सोडले होते. दोघांच्या गळ्याला कंठी होती. तिसरा लहानखुरा, गळा कोरा. त्याला अजून कंठ फुटायचा आहे असं सगळेच धरून चालले होते. राणीला अंडी घालायला शेठनं चहाचं लाकडी खोकं टांगलं होतं. मोठ्या राघूंची पिल्लं आपल्या बंगल्यात व्हावीत ही त्याची फार दिवसांची हौस.

थंडी सरत आली होती. एक दिवस भाकरी खाता खाता तू म्हणालास, "मास्तर, त्यो बारका नर न्हाई. मादी हाय."

"कशावरून?"

"राजा भरवतुया तिला. सकाळधरनं तीन येळा. राणीकडं ढुंकून बगत न्हाई."

मी हसलो. "अरे, जाती वेगळ्या आहेत त्यांच्या. कावळा कधी चिमणीला भरवील का?"

"कावळा नि चिमनी एका पिंजऱ्यात कोंडून बगितलीया का कुनी?"

मी दुसऱ्या दिवशी शाळेतलं सृष्टिज्ञानाचं पुस्तक घेऊन आलो आणि तुला वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "पुस्तक लिवनाऱ्यानं ह्यो पिंजरा पायला नसंल." त्यावर आपण आठवडाभर भांडलो. मजेचं भांडण होतं ते. मी रोज नवा दाखला आणायचो आणि तू पिंजऱ्याकडं बोट करायचास.

मग एकदा तू मला स्टुलावर उभं केलंस. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आंब्याचा पोकळ ओंडका बांधलेला होता, पाखरांना बसायला म्हणून. त्याच्या भोकातून मी आत पाहिलं. तळाशी भुशावर तीन पांढरी अंडी होती, आणि ती बारकी पाठ फुगवून माझ्यावर फिसकारत होती. राजा तारेला उलटा लटकून ओरडत होता. राणी आपल्या रिकाम्या खोक्याच्या टपावर बसून होती.

तीन-साडेतीन आठवड्यांनी, मधली सुट्टी व्हायची होती तरी तू कुंपणापाशी आलास. "मास्तर, या, बिगी बिगी या." मी वर्ग तसाच सोडून धावलो. एका अंड्याचा टवका निघाला होता. आतून काहीतरी ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ढकलत होतं. मग ते बाहेर आलं. आंधळं, गुलाबी, बोटाच्या दोन पेरांएवढं, मान पेलत नव्हती त्याला. तू माझा दंड धरला होतास. तुझी बोटं रुतत होती. "बगितलं?" तू कानाशी म्हणालास. "आता बगितलं ना तुमी?"

मी पाहिलं होतं, धोंडिबा. माझ्या या डोळ्यांनी.

दुसरं पिल्लू दोन दिवसांनी निघालं. तिसरं अंडं वाया गेलं. पण तू जिंकलास, हे मी त्या दिवशी म्हणालो नाही. "पाहू, पिसं आल्यावर कळेल," एवढंच म्हणालो. पिसं आली. पिल्लं आईपेक्षा थोराड, बापापेक्षा सडपातळ. खांद्यावर लाल रंग होता, पण पट्टा नव्हे, कुंकवाचं बोट पुसल्यासारखा. तेव्हाही मी काही म्हणालो नाही. हरल्याचं कबूल करायला मला कुठं जमतं!

मग ते पत्र. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून शेठला जायची पत्रं मीच लिहायचो. तू उकिडवा बसून मजकूर सांगायचास. त्या दिवशी म्हणालास, "लिवा, राजाला दोन पिल्लं झाली. पर आय ती बारकी हाय, राणी न्हवं, ते बी लिवा. मागनं घोळ नगं."

माझ्या मनात आलं, शेठ हे वाचून हसेल. मास्तराला एवढंही कळत नाही म्हणेल. मी लिहिलं, 'राजाच्या जोडीला दोन पिल्लं झाली आहेत, दोन्ही सुखरूप आहेत.'

"लिवलं? आईचं बी?" तू विचारलंस.

"लिहिलं."

तू ते पत्र दोन्ही हातांनी घेतलंस, नीट धरलंस आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आलास.

मे महिन्यात शेठ पाहुणे घेऊन आला. जोडीला पिल्लं झाली हे त्यानं मुंबईभर सांगितलं होतं. पाहुण्यांत एक पाखरांतला जाणकार होता. शाळेला सुट्टी होती, पण शेठनं मलाही चहाला बोलावलं होतं. पिंजऱ्यासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. जाणकारानं चष्मा लावून पिल्लं पाहिली आणि मान हलवली. "शेठ, तुम्हाला फसवलंय. ही तुमच्या जोडीची नव्हेत. जंगलातली साधी पिल्लं आणून ठेवली आहेत. खरी केव्हाच विकली गेली."

"खांद्यावर लाल आहे की," शेठ म्हणाला.

"रंग काय, कुणीही लावतो."

तू पुढं झालास. तुला भीती वाटत नव्हती. मला आठवतं, तू जवळजवळ हसत होतास. "शेट, पत्रात लिवलं हुतं की. आय ही बारकी हाय. बाप राजाच."

"पत्रात असलं काही नव्हतं," शेठ म्हणाला.

तू माझ्याकडं पाहिलंस. गोंधळून पाहिलंस, रागानं नव्हे. मग म्हणालास, "मास्तरांनी डोळ्यांनी पायलंय. अंड्यातनं निगताना. इचारा त्यास्नी."

शेठ माझ्याकडं वळला. तो आमच्या शाळेच्या पंचमंडळाचा मुख्य. मला कायम करण्याचा अर्ज त्याच्यापुढं होता. आणि त्या पत्रावर माझं अक्षर होतं. एवढी दोनच कारणं, धोंडिबा. ती तेव्हा मला डोंगराएवढी वाटली.

"मी फक्त सांगितलं तसं पत्र लिहिलं," मी म्हणालो. "पिल्लं निघताना काही पाहिलं नाही."

त्यानंतर तू माझ्याशी त्या विषयावर कधीच काही बोलला नाहीस.

शेठनं स्वतः पिंजऱ्यात शिरून दोन्ही पिल्लं बाहेर हुसकली. त्यांना धड उडता येत नव्हतं. एक बंगल्याच्या कौलांवर जाऊन बसलं. वर घार फिरतच होती. आम्ही सगळे पाहत असताना तिनं झडप घातली आणि त्याला घेऊन दरीकडं गेली. दुसरं करवंदीच्या जाळीत पडलं. तू जाळीत हात घातलास, काट्यांनी कोपरापर्यंत ओरबाडून घेतलंस आणि पिल्लू धोतराच्या सोग्यात धरलंस.

"बघा, बघा," जाणकार ओरडला. "आपल्यादेखत घेऊन चालला!"

शेठच्या मोटारवाल्यानं तुझी मानगूट धरली. सोगा सोडवताना ते पिल्लू चेंगरलं. तू खाली बसलास आणि ते तळहातावर घेऊन त्याच्या चोचीत फुंकर घालत राहिलास. मी चहाचा कप हातात धरून उभा होतो. तो मी नंतर पिऊनही टाकला.

पोलिसांपर्यंत गेलं नाही. शेठला गवगवा नको होता. पण त्याची चिठ्ठी तुझ्या आधी तुझ्या गावी, इंदुरीला पोचली. पुढचं मला कानोकानी कळत गेलं. गावात तुला पोपटचोर म्हणायला लागले. पोरं तुझ्यामागं शीळ घालायची. तुझ्या लेकीचं, चंद्राचं लग्न ठरलेलं होतं, सुपारीही फुटली होती. सोयऱ्यांनी निरोप पाठवला, चोराच्या घरची नको. वर्षभरानं तिला दूर घाटाखाली बिजवराला दिलीत. तू भावाच्या वाट्याच्या शेतात राबलास, मग लढाईच्या कामांवर खडी फोडलीस. आणि मी कायम झालो, धोंडिबा. पुढं हेडमास्तर झालो.

गेल्या वर्षी तळेगावच्या बाजारात आपण समोरासमोर आलो. तुझा एक डोळा अधू झाला होता, खडीची कपची लागून. "मास्तर," तू म्हणालास, "शाळा बरी चाललीया? थोरल्याचं लगीन झालं म्हनं." मी काहीतरी उत्तर दिलं. तू टोपलीतल्या ओल्या शेंगा ओंजळभर माझ्या पिशवीत घातल्यास. मी बोलायला तोंड उघडलं. तू माझ्याकडं एक क्षण पाहिलंस आणि म्हणालास, "जावा. गाडी गाठायची आसंल तुमास्नी." गाडीला अजून तास होता. तुला ते ठाऊक होतं, मलाही. तरी मी गेलो. तू मला सोडवलंस की हाकललंस, हे मी त्या तासभर फलाटावर बसून ठरवत होतो. अजून ठरलेलं नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो. दहाव्याहून परतलो आणि चार दिवस नुसता येरझाऱ्या घालत होतो. पाचव्या दिवशी बंगल्यावर गेलो. मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीनं शेठ आता इथंच राहतो. पाय सुजलेले, आरामखुर्चीतून उठवत नाही.

"शेठ, धोंडिबा गेला," मी म्हणालो.

"कोण धोंडिबा?"

"तुमचा माळी. पोपटांचं सगळं तोच बघायचा."

त्यानं बराच वेळ आठवलं. "हां. तो पिल्लांची भानगड झाली तो."

"भानगड नव्हती. पिल्लं राजाचीच होती. अंड्यातून निघताना मी पाहिली होती. पत्रात आईचं नाव मी गाळलं, आणि त्या दिवशी तुमच्यासमोर खोटं बोललो."

तो रागावेल असं मला वाटलं होतं. रागवायला हवा होता. त्यानं हात झटकला. "अरे मास्तर, ते मला कधीच समजलं. दुसऱ्याच साली त्या बारकीनं पुन्हा अंडी घातली. माझ्यासमोर. तशीच पिल्लं, तसाच खांदा. नंतर तर दर साली. दोन मी मुंबईला मित्रांना दिली. लोक मुद्दाम बघायला येत, दोन जातींचा पोपट म्हणून."

त्या मे महिन्यानंतर मी त्या पिंजऱ्याकडं कधी फिरकलोच नव्हतो. अकरा वर्षं. तू खडी फोडत होतास तेव्हा तुझी साक्ष मुंबईच्या दिवाणखान्यांतून पेरू खात होती.

"मग धोंडिबाला का नाही कळवलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

शेठनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं. "मी कसा कळवणार? माझ्या ध्यानातसुद्धा नव्हता तो. पण तू तर त्याचा दोस्त होतास. तू का नाही कळवलंस?"

मी उठून आलो.

त्याच आठवड्यात इंदुरीला गेलो. पारूवहिनी तुझ्या अंगणात वाल सोलत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, पत्राचं, चहाच्या कपाचं, शेठचंही. त्या सोलत राहिल्या. हात एकदाही थांबला नाही. मी विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलला का तो?"

"तुमचं नाव काडलं न्हाई कंदी. शिवी बी दिली न्हाई." त्यांनी सालपटं बाजूला सारली. "घरात पोपट ह्यो शबुद तेवडा काडू द्यायचं न्हाईत. नातवाच्या अंगड्यावर पोपट भरला हुता चंद्रीनं, तर उसवाया लावला."

मी खाली सांडलेले वाल वेचू लागलो. मग त्याच म्हणाल्या, "म्हंजी शेटला ठावं हुतं. तुमास्नी ठावं हुतं. त्यांस्नी तर ठावं हुतंच. ठावं न्हवतं ते फकस्त आमच्या गावाला."

"होय, वहिनी."

"मंग मला कशापायी सांगताय? गावाला सांगा."

ती रात्र मी तुझ्या पडवीत काढली. सकाळी म्हादू मला मारुतीच्या पारावर घेऊन गेला. दहाव्याचं मुंडन झालेलं त्याचं डोकं तुझ्यासारखंच दिसत होतं, मागं चपटं. शेतावर जाणारी माणसं त्यानं थांबवली. पंधरा-वीस जमली असतील. अठरा वर्षं मी वर्गापुढं बोलतोय, पण तिथं पहिलं वाक्य मला दोनदा सुरू करावं लागलं. मी म्हणालो की बारा वर्षांपूर्वी इथल्या एका माणसावर चोरीचा आळ आला होता. तो आळ खोटा होता. दोन जातींच्या पाखरांची पिल्लं होऊ शकतात, ती झाली होती, मी ती पाहिली होती आणि भिऊन खोटं बोललो. त्या माणसानं काहीही चोरलं नव्हतं.

एकानं तपकीर ओढली. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला विचारू लागला, "कुनाचं सांगतोय ह्यो?"

म्हादू माझ्या शेजारी उभा होता. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाव घ्या, मास्तर."

मी घेतलं. तुझं, तुझ्या बापाचं, सगळं.

"पुन्हा घ्या," म्हादू म्हणाला. "मागं आयकू ग्येलं न्हाई."

मी पुन्हा घेतलं.